उपसलेला बर्फ

अधारतालला आमच्या बँकेच्या दारावर एक निवृत्त फौजी पहारा देतो. नाव मी कधी विचारलं नाही. जानेवारीत गारठलेला कुणीतरी रोज त्याला म्हणतोच, "भैया, अब तो यहाँ भी बर्फ गिरेगी!"

"नुसत्या थंडीनं नाही पडत. उंची पाह्यजे, हवेत पाणी पाह्यजे," तो थकल्या आवाजात सांगतो. उंची दाखवायला कपाळापर्यंत नेलेला तळहात पुन्हा गुडघ्यावर येऊन पडतो.

परवा मॅनेजर मनालीहून परतले. काम थांबवून आम्हाला त्यांचे बर्फातले फोटो दाखवले गेले. शेवटी त्यांनी पहारेकऱ्यालाही विचारलं, "तुम्ही कधी बर्फ पाहिलाय का?"

"पाहाले टाइम कुठं भेटला साहेब? सतरा वर्षं उपसूनच राहिलो होतो."

आता त्याचा मुलगाही फौजेत, तो बर्फ उपसायचा त्याच पहाडावर आहे. रस्ता बर्फाने बंद झाला की मुलाची सुट्टी हुकते. या हिवाळ्यात दोनदा हुकली. म्हणून तो रोज मोबाइल माझ्यापुढे धरतो. "तिकडचं हवामान वाचता का? चश्मा राहिला घरी."

चष्मा त्याच्या खिशातून डोकावत असतो.

काल मी वाचलं, "आजही बर्फ."

त्याने दाराबाहेर पाहिलं. रस्ताभर लख्ख ऊन होतं.

"इथं वायाच चाललं," तो म्हणाला.