सहाजणी आणि बिनकडीचं न्हाणीघर

तीन माणसं एकाच टेबलाभोवती सात वर्षं बसली की किस्से आपोआप साठतात. त्यातला एखादा जरी संशयी असला तर दुपटीने साठतात. आमच्याकडे मी संशयी, हिंमत संशयी, सिद्धार्थ संशयी, आणि आम्हा तिघांवर संशय घ्यायला मिलचे मालक, सेठ. त्यामुळे मित्र जमले की मला सांगायला कधी कमी पडत नाही. पण कुठूनही सुरुवात केली तरी गाडी शेवटी त्या जपानी कार्टूनवरच येते.

हे नव्वदीतलं सुरत. पलसाण्याजवळ हायवेवर आमची साड्या छापायची मिल होती आणि वरच्या मजल्यावर डिझाईनची खोली. मी फुलं-पानं काढायचो. हिंमत पाटील शिरपूरकडचा. तो ट्रेसिंग करायचा, म्हणजे माझं फूल एकेका रंगाप्रमाणे वेगवेगळ्या फिल्मवर उतरवायचा. सिद्धार्थ तायडे भुसावळचा, वडील रेल्वेत. तो रंग जुळवायचा. तिघंही भेस्तानला राहायचो आणि दुपारी एकमेकांचे डबे खायचो.

*

सेठनी जपानची एक जुनी छपाईची मशीन घेतली. मशीनबरोबर एक खोकं आलं. त्यात वंगण लागलेली पुस्तकं, नट पिळायचे दोन पाने आणि व्हिडिओच्या पाच कॅसेटी. कॅसेटींवर जपानी अक्षरं. सेठना खात्री पटली की मशीन चालवायचं सगळं ज्ञान या कॅसेटींत आहे आणि मशीन मिळवून देणाऱ्या दलालाने ते मुद्दाम लपवून ठेवलं होतं.

डिझाईनच्या खोलीत टीव्ही आणि बाहेरून आणलेला व्हीसीआर होता. सेठ, मशीन चालवणारे दोन कारागीर आणि आम्ही तिघं वह्या घेऊन बसलो. पडद्यावर एक घर आलं. मग एक पोरगा आला. त्याने एक दार उघडलं, आत एक बाई अंघोळ करत होती. तिने त्याला बादली फेकून मारली.

सेठ म्हणाले, थांबा, मशीन येईल. वीस मिनिटं झाली. मशीन आली नाही. आणखी तीन दारं उघडली गेली. सेठ उठले, पण कॅसेट फेकून द्यायची त्यांना धीर होईना. मशीनचा भाग शेवटी असला तर? जाताना ते आम्हाला एवढंच सांगून गेले, "छेल्ले सुधी जोजो."

म्हणजे शेवटपर्यंत बघा. अशा रीतीने पाच कॅसेटी जेवणाच्या सुट्टीत बघायचा आम्हाला मालकाचा हुकूम मिळाला.

*

नाव वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्याला 'सहाजणी' म्हणायचो. गोष्ट अशी. पोस्टात नोकरी करणाऱ्या एका तरुणाची मावशी परगावी जाते आणि आपलं भाड्याने दिलेलं घर त्याच्यावर सोपवते. घरात सहा भाडेकरू, सगळ्या बायका. एक नर्स, एक बेकरीवाली, एक गाडी हाकणारी, एक पहिलवान, एक नुसतीच चिडणारी, आणि एक शांत, जी स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असायची. सहाही जणी त्याच्यावर भाळलेल्या. का, ते कार्टून काढणाऱ्यालाही माहीत नसावं. तो दिसायला आमच्या हिंमतपेक्षाही साधारण होता.

खोटं कशाला बोलू, वस्तू सदोष होती. जिन्यावरून घसरायचं तेच चित्र प्रत्येक भागात. ओळखीच्या खिडकीबाहेर ओळखीचाच ढग. दर पाच मिनिटांनी कोणाचा तरी टॉवेल सुटणार, नाहीतर कोणीतरी कोणाच्या तरी अंगावर पडणार. आम्ही चित्रं काढणारी माणसं. ढग परत वापरला की आम्हाला लगेच कळायचं.

पण हसू यायचं. भाषा कळत नव्हती म्हणून हिंमत सगळ्यांचं बोलणं अहिराणीत बोलायचा. दार उघडलं की पोरगा हात जोडायचा आणि इकडून हिंमतचा आवाज यायचा, "माले काहीच दिसनं नही वं माय!"

एका गोष्टीचा मात्र आम्हाला अर्थ लागेना. बाई दिसली की त्या पोराच्या नाकातून रक्त यायचं. आता हे काय? सिद्धार्थच्या मते घोळणा फुटत होता, उन्हाने होतं तसं. हिंमतला ब्लडप्रेशरचा संशय होता. मी म्हणत होतो, नर्स घरातच आहे तर ती बघत का नाही. तिसऱ्या कॅसेटपर्यंत आम्ही तो पोरगा आता जगत नाही, असंच धरून चाललो होतो. जपानी कार्टूनमध्ये ती मोहात पडल्याची खूण असते, हे मला फार पुढे कळलं.

*

सेठचा टीव्ही रंगीत होता, पण जपानी कॅसेट घातली की चित्र काळं-पांढरं यायचं. कोणत्या पद्धतीचा काय फरक असतो ते कुणीतरी समजावलं होतं, मला कळलं नाही.

सिद्धार्थला ते सहन होईना. त्याचं आयुष्य रंग ओळखण्यात गेलेलं. तो करड्या छटांकडे डोळे बारीक करून बघायचा आणि निकाल द्यायचा. नर्सचे केस निळे. बेकरीवालीचे गुलाबी. पहिलवान बाईचे लाल.

हिंमतने विचारलं, "निया केस कोना ऱ्हातस रे?" निळे केस कोणाचे असतात म्हणून आम्ही दोघं हसलो. सिद्धार्थने सहा छटांची चिठ्ठी बनवून फडताळाला चिकटवली.

पुढे दोनेक वर्षांनी पर्वत पाटियाजवळ एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सगळ्या पद्धती चालणारा टीव्ही आला. आम्ही कॅसेट घेऊन गेलो. नर्सचे केस निळे निघाले. बेकरीवालीचे गुलाबी.  पाच रंग बरोबर निघाले, फक्त पहिलवान बाईचे केस हिरवे.

सिद्धार्थने दुकानदाराला शांतपणे सांगितलं, दुसरा टीव्ही लावा, यात लाल रंग नीट येत नाही.

*

कॅसेटी आल्या त्या पहिल्या काही महिन्यांतच माझं एक डिझाईन, मोठ्या पाकळ्यांचं, आमची साडी बाजारात जायच्या आधीच दुसऱ्या मिलच्या साडीवर दिसलं. सुरतमध्ये यापेक्षा वाईट गोष्ट नाही. सेठ आमच्याकडे बघेनासे झाले. चपराश्याने त्यांना सांगितलं होतं की दुपारी हे तिघं दार लावून घेतात.

आम्ही पण एकमेकांकडे बघू लागलो. सिद्धार्थ हल्ली डबा घरून का आणत नाही? हिंमतला नवी सायकल कुठून आली? माझ्याबद्दल ते काय बोलत होते ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. चार दिवस कोणी कोणाच्या डब्यात हात घातला नाही.

पाचव्या दिवशी सेठ चप्पल खाली काढून जिना चढले आणि खिडकीशी उभे राहिले. आत आम्ही पाचवी कॅसेट बघत होतो. शांत मुलगी बॅग भरून घर सोडत होती. हिंमत रडत होता, आणि रडत रडत तिचं बोलणंही म्हणत होता. सिद्धार्थ त्याच्या पाठीवर हात फिरवत होता.

सेठ आत आले.  ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग विचारलं, "मशीन आव्युं?"

हिंमत डोळे पुसत म्हणाला, "हजु नथी आव्युं, सेठ." म्हणजे अजून नाही आली.

सेठ स्टूल ओढून बसले. भाग संपल्यावर उठले आणि चपराश्याला म्हणाले, "आवुं जोनारा चोरी शुं करवाना?"

असलं बघणारे कसली चोरी करणार! नोकरी वाचली. डिझाईन कोणी नेलं ते कधी सापडलं नाही, आणि आम्ही डबे परत एकत्र उघडायला लागलो.

*

घरी मात्र मी वाचलो नाही. तो पोरगा शेवटी कोणाशी लग्न करणार यावर आमची पैज लागली होती. पाचवी कॅसेट अर्ध्यातच संपत होती, पुढे काहीच नव्हतं. म्हणून मी एका चिठ्ठीवर सहाजणींची आम्ही ठेवलेली नावं लिहून पुढे खुणा केल्या होत्या. ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली आणि धुताना मंगलच्या हाती लागली.

मंगल माझी बायको. ती भांडली नाही. शेजारून हिंमतच्या बायकोला घेतलं, रिक्षा केली आणि गेटवर नवरे डबे विसरलेत असं सांगून दोघी थेट मिलमध्ये आल्या. डबे आमच्यासमोरच उघडे होते.

मी म्हटलं, बायांनो, बसा आणि स्वतः बघा. दोघींनी पदर सावरून एक अख्खा भाग बघितला. हिंमतने भीतीपोटी आवाज काढले नाहीत. टॉवेल सुटले, पोरगा जिन्यावरून घसरला, नाकातून रक्त आलं. कोणी हसलं नाही.

संपल्यावर मंगल म्हणाली, "सहा बायका राहतात, आणि न्हाणीघराच्या दाराला कडी नाही. हे बाईने लिहिलेलं नाही."

चार महिने आम्ही ढग मोजत होतो. कडी आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती.

मला वाटलं, सुटलो. पण जाताना ती खाली साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकांकडे गेली आणि परत वर आली. तुमच्या मिलमध्ये बायकांच्या संडासालाही कडी नाही, ती म्हणाली. एक आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. तुम्हाला माहीत होतं का?

मला माहीत नव्हतं. रोज त्या दारासमोरून जिना चढत होतो.  दुसऱ्या दिवशी कडी आणली. हिंमतने स्क्रू पिळले, सिद्धार्थने दार धरलं.

तेवढ्यात सेठ आले. तीन डिझायनर, बायकांच्या संडासाच्या दाराशी, हातात पेचकस. त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते सगळं मी इथे सांगत नाही. घड्या घालणाऱ्यांतल्या सगळ्यात थोरल्या सुमनबाई मध्ये पडल्या. त्यांनी सेठना सांगितलं की हे काम अकरा वर्षांपूर्वी तुम्हाला सांगितलं होतं. सेठ आल्या पावली परत गेले. त्यानंतर ते कार्टून बघताना मला हसू यायचं, पण दार उघडायची वेळ आली की मी डब्यात बघायचो.

*

शेवटचा किस्सा त्या मशीनचाच. चौथ्या वर्षी ती अडून बसली आणि कंपनीने जपानहून एक इंजिनिअर पाठवला. पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टातला, हसायचा नाही. बरोबर मुंबईचा एक दुभाषी.

दोन दिवसांत मशीन चालू झाली. आम्हाला राहवेना. आम्ही दुभाष्याच्या मागे लागलो की साहेबांना वर आणा, पुढची गोष्ट त्यांना ठाऊक असेल. साहेब आले. आम्ही पाचवी कॅसेट लावली. ते गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिले. घसरण्याच्या चित्राला त्यांनी मान खाली घातली. शांत मुलगी बॅग घेऊन निघाली तेव्हा ते उठून खिडकीशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

दुभाष्याने विचारलं. ते दोन शब्द बोलले. दुभाषी म्हणाला, "साहेबांनी हे कधी बघितलेलं नाही."

मग पोरगा कोणाशी लग्न करतो? माहीत नाही. कॅसेट मशीनच्या खोक्यात कशी आली? माहीत नाही.

आम्ही त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. हिंमतने भेट म्हणून सहाजणींचं चित्र काढलं होतं. पाचजणी हुबेहूब. शांत मुलगी त्याला कधीच जमली नव्हती. चेहरा तिचाच, पण ती नाही. दुभाषी पुढे बसून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता.

साहेबांनी चित्र बराच वेळ बघितलं. मग हिंमतच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, कागद गाडीच्या टपावर ठेवला आणि तीन रेघा मारल्या. एक भुवईला, एक हनुवटीला, एक कानामागून सुटलेल्या बटेला. हात कुठे थांबला नाही.

ती होती. आम्ही तिघंही रेघेवर जगणारे. तिला याच हाताने आधी हजारदा काढलंय, एवढं आम्हाला कळलं.

साहेबांनी पेन्सिल हिंमतच्या कानावर परत ठेवली, चित्र घडी न घालता छातीशी धरलं आणि कमरेत वाकले. मग दुभाष्याला हळूच काहीतरी सांगितलं. दुभाष्याने काच खाली केली.

"साहेब विचारतात, मशीनला तेल कुठलं घालता?"