डिक्कीतले नारळ

विनायक सर पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवायचे. नफा-तोट्याचा धडा आला की खडू मोडेपर्यंत रमायचे. गाडी घ्यायची ठरली तेव्हाही त्यांनी असाच फळा भरला. पेट्रोल, डिझेल, बॅटरी. प्रत्येकीचा दहा वर्षांचा खर्च. डिझेल जिंकलं.

"शाळा दोन किलोमीटर," त्यांची बायको छाया म्हणाली. "बॅटरीची स्कूटी पुरे आपल्याले. डिझेल कायले?"

"दहा वर्षांचा हिशेब पाय ना. जितकी चालन तितकी स्वस्त पडन."

फळ्यावर सरांनी वर्षाचे वीस हजार किलोमीटर धरले होते. ते कुठं फिरायचे, एवढंच धरायचं राहिलं.

गाडी आली, चाकाखाली लिंबू चिरडलं, पेढे वाटले. मग ती वर्षभर घर ते शाळा, शाळा ते घर चालली. इंजिन तापायच्या आत शाळा यायची. एक दिवस समोर पिवळा दिवा लागला. मेकॅनिक म्हणाला, लांब पळवली नाही तर डिझेलच्या गाडीच्या धूर गाळायच्या जाळीत काजळी साचते. "हप्त्यातून एक डाव रोडवर दामटा सर. दिवा इझेपर्यंत बंद नका करू. नाहीतं जाळी बदला." जाळीची किंमत ऐकून सरांना स्कूटी आठवली. तेवढ्यात आली असती.

हे छायाला सांगायची सोय नव्हती. म्हणून दर शनिवारी सर सौसरच्या रस्त्याला लागायचे आणि डिझेल वाचवायला घेतलेली गाडी वाचवायला डिझेल जाळायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जामसावळीले जाऊन राहिलो, मारुतीच्या दर्शनाले."

गल्लीनं ते खरं धरलं. लोक वाटेत थांबवून नारळ देऊ लागले. सर नारळ डिक्कीत टाकायचे, मंदिराच्या फाटकापर्यंत जायचेही. पण दिवा जळत असायचा, इंजिन बंद करता यायचं नाही. सीटवरूनच हात जोडून गाडी वळवायचे. नंतर कोणी विचारलं की, "चढवला."

शेजारच्या देवकाबाईंनीही दिला होता. नात श्रुतीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, त्याचा नवस. ओळख म्हणून नारळाला जुन्या लुगड्याचा हिरवा काठ बांधला होता.

एका शनिवारी त्या स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "बापू, आज मी बी येतो. गुडघे दुखतात, पण तुह्या गाडीत का तरास!"

वळणावर मागे गडगडलं.

"मांगं काय वाजून राहिलं?"

"स्टेपनी, काकू."

"लई फिरते बापा तुही स्टेपनी."

फाटक आलं. दिवा जळतच होता.

"बंद कर ना गाडी. चाल अंदर."

"तुम्ही व्हा समोर, काकू. मी इथंच…"

"थांब, चपला मांगं ठेवतो," म्हणत देवकाबाई उतरल्या आणि दोन्ही हातांनी डिक्की उचलली. सर धावले, पण उशिरा. एक नारळ घरंगळत बाईंच्या पायाशी आला. हिरव्या काठाचा. त्यांनी तो उचलून कानाशी हलवला.

"पाणी आटलं याचं. चढवला म्हणे ना तू?"

सरांनी सगळं सांगितलं. दिवा, काजळी, जाळी, फळा. पोरांना "हिशेब चुकला तं पायऱ्या दाखवा" म्हणणारे सर पहिल्यांदाच आपल्या पायऱ्या दाखवत होते, आणि एकेक पायरी खालीच जात होती.

"तो निजला हाय म्हून का त्याले दिसत नाही?" देवकाबाई म्हणाल्या. जामसावळीचा मारुती निजलेला आहे. सरांनी तो इतक्या शनिवारांत एकदाही पाहिला नव्हता.

बाईंनी नारळ पदरात घेतले. सरांनी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू दे." सरांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, दिव्याकडे न बघता, आणि अनवाणी बाईंच्या मागे गेले.

आत बाईंनी एक नारळ हातात धरून विचारलं, "हा कोणाचा?"

सरांना आठवेना.

"आन हा?"

तोही आठवेना. बाईंनी डोळे मिटले. "ज्याचा हाय त्याले पाव रे बाबा," म्हणत त्यांनी एकेक फोडला. हिरव्या काठाचा सगळ्यात शेवटी.

बाहेर आल्यावर त्या बस थांबते तिकडे चालू लागल्या. सरांनी गाडी जवळ नेऊन दार उघडलं. "बसा ना काकू. गुडघे दुखतात तुमचे."

"तुमी जा सर. बसनं जातो मी."

बापूचे सर झाले होते.

बस निघाली. तिच्या मागे सरांची रिकामी गाडी. बसच्या मागच्या काचेतून देवकाबाईंचा पदर दिसत होता. तो एकदाही वळला नाही. पांढुर्णा यायच्या आधी कुठंतरी पिवळा दिवा विझला. सरांनी बसच्या पुढे गाडी काढली नाही, हॉर्नही दिला नाही.