खापरपणजोबांनी समुद्राला दिलेला शब्द

चिकपेठेच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली होती. तिच्यात अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, शिवणयंत्र आणि उरलेल्या जागेत आम्ही सहा जण. अण्णा शाळांचे गणवेश शिवायचे. उरलेल्या तुकड्यांचे आमचे कपडे व्हायचे, त्यामुळे माझा परकरसुद्धा खाकी.

घरात मोठं असं एकच काही होतं : आमचे खापरपणजोबा. कोकणातले तांडेल, गलबतावरच्या खलाशांचे म्होरके. माशाच्या पाठीला बेट समजून त्यांनी तिथे भात शिजवला होता म्हणे. एकदा वादळात ते समुद्राला म्हणाले, “सोड मला. माझ्या वंशातलं पहिलं शहाणं पोर तुला देईन.” समुद्राने सोडलं. खापरपणजोबांनी घरी येऊन बायकापोरांना बैलगाडीत घातलं आणि समुद्राकडे पाठ करून जे निघाले, ते बेंगळूरला थांबले.

मी एसेसेल्सी, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, पहिल्या वर्गात पास झाले आणि अण्णा पांढरे पडले. कॉलेजात नाव लागलं होतं, पण बसला पैसे नव्हते, आणि पायवाट तळ्याच्या बांधावरून.

“तळं तर तळं. पाणी पाण्याला कळवतंच,” अण्णा म्हणाले. “कॉलेज नको.”

“इतक्या पिढ्या त्या बिचाऱ्या समुद्राला या घरात शहाणं कुणी सापडलं नाही,” आई म्हणाली, “यात नवल ते काय!”

मी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी अण्णा नरमले. नारळी पौर्णिमेला तळ्यालाच नारळ देऊन विचारू, म्हणाले.

बांधावर अण्णांनी एका हातात माझी वेणी घट्ट धरली, दुसऱ्याने नारळ सोडला. माझ्या हातात झेंडूचा हार. तेवढ्यात पाणी फुगलं आणि डोक्यावर शेवाळ घेतलेलं काळंभोर काहीतरी वर आलं. अण्णा ओरडले, “आला!”

ती म्हैस होती. तिने हार खाल्ला, मला पायापासून डोक्यापर्यंत हुंगलं, तोंडावर सणसणीत शिंकली आणि पाठ फिरवून गेली.

“एनू माडल्ला, अण्णा,” तिचा मालक लांबून म्हणाला. “काही करत नाही ती.”

पण अण्णांनी हात जोडले होते. डोळ्यांत पाणी.

“बघितली आणि नाकारली! पोरी, तू समुद्राला शहाणी वाटली नाहीस!”

“म्हणजे मी जाऊ कॉलेजला?”

“जा, खुशाल जा! आता कसली भीती?”

घरी येऊन त्यांनी मला निळ्या कापडाचा परकर शिवला. विकत आणलेल्या कापडाचा.

त्या बांधावरून रोज चालत जाऊन मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी.