मामाने पाठवलंय

व्हेनिसचा विषय निघाला की मी चहा टाकायला आत पळते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आज चहा झालेला आहे आणि सुषमाही इथंच बसलीय. तिनं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. फक्त ऐकताना माझ्याकडे बघू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळला आमच्या सोसायटीत आम्ही तिघी मैत्रिणी. मी, टेलिफोनच्या ऑफिसातली सुषमा कांबळे आणि तळमजल्यावरची शकीला. शकीला मूळची उरणची. तिचा भाऊ याकूब जहाजदुरुस्तीच्या कामावर इटलीला गेला आणि व्हेनिसजवळच राहिला. शकीलाची पोरं त्याला मामा म्हणायची, म्हणून तो अख्ख्या बिल्डिंगचा मामा. त्यानं बहिणीला बोलावलं, बहीण म्हणाली एकटी नाय येणार, आणि नवऱ्यांना पोळीभाजीचे डबे लावून देऊन आम्ही तिघी निघालो.

पहिल्याच दिवशी मामा रात्रपाळी करून आला आणि आडवा झाला. झोपण्याआधी एवढंच सांगितलं की धक्क्यावरून काचेच्या बेटाला बोट जाते, नाव मुरानो, तिथं काच फुंकून भांडी बनवतात ती बघा, दुपारी मी येतोच. शकीला म्हणाली, त्याच्याबरोबरच जाऊ. सुषमाचंही तेच. मी म्हटलं, कशाला? मी शाळेत इंग्रजी शिकवते. पाचवीला शिकवत असले म्हणून काय झालं?

धक्क्यावर बऱ्याच बोटी होत्या. त्यातल्या एकीवर मी भाळलेच. चकचकीत लाकूड, आत गाद्या आणि कडेनं फुलंच फुलं. काळ्या सुटातला एक रुबाबदार माणूस लोकांना हात देऊन चढवत होता. मी विचारलं, "मुरानो?" तो म्हणाला, "सी, सी, मुरानो," आणि मला अलगद आत घेतलं. तिकीट नाही, रेटारेटी नाही. मी वळून दोघींना म्हटलं, बघा, शिका जरा.

बोट निघाली तशी सुषमानं माझा पदर ओढला. सगळे काळ्या कपड्यांत का आहेत, म्हणे. मी म्हटलं, फॅशन आहे इकडची. शकीलाचं लक्ष पुढच्या बोटीकडे होतं. तिच्यात एक लांबट पेटी होती, फुलांनी झाकलेली.

"मंगलताई, ती पेटी मला बरी वाटत नाय," ती हळूच म्हणाली.

मी म्हटलं, काचसामान असेल गं, धक्का लागू नये म्हणून फुलं रचलीत. आता तुम्ही हसताय, पण तिथं मला ते अगदी पटलं होतं.

माझ्या शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, डोळे लाल झालेले. मला वाटलं, बोट लागत असेल. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुठून आलात? इंडिया म्हटल्यावर ती बघतच राहिली. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "फॉर मामा?"

घ्या! आमच्या मामाची ओळख इथपर्यंत!

"येस, येस. मामा सेंट अस," मी म्हटलं. "मामा टोल्ड, गो, एन्जॉय."

तिनं ते मागच्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगितलं. एका म्हाताऱ्यानं माझ्यासाठी टोपी काढली. मला चेवच चढला.

"मामा नाऊ स्लीपिंग. ही स्नोअर्स व्हेरी लाउड."

त्यासरशी तिनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. सगळं अंग गदगदत होतं तिचं. मी पाठ थोपटली. म्हटलं, बिचारीचा नवराही घोरत असणार.

मग बेट आलं. लाल विटांची लांबलचक भिंत, भिंतीपलीकडे उंच काळपट झाडं, आणि दारातून दिसणारे क्रूस. रांगेनं क्रूस. चार माणसांनी ती पेटी खांद्यावर घेतली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा म्हणजे त्यांच्याकडे आई! त्या बाईची आई पेटीत होती, आणि मी तिच्या लेकीला सांगत होते की ती मोठमोठ्यानं घोरते.

सुषमा माझ्यापासून दोन पावलं लांब सरकली. ओरडली असती तर परवडलं असतं.

पळून जावं तर त्या बाईनं माझा हात धरलेला. तिनं आम्हाला अगदी पुढे नेलं. शकीलानं डोक्यावरून ओढणी घेतली, तिचे ओठ हलायला लागले. सुषमानं हात जोडून डोळे मिटले. आणि मी? माझ्या डोक्यावर सकाळीच घेतलेली लाल रिबिनीची हॅट. ती काढून पदराखाली दडवत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि तिथं तर तशी सोयही होती.

सगळं आटोपल्यावर मला राहवेना. मी तिला म्हटलं, "सॉरी. इन माय लँग्वेज, मामा मीन्स अंकल."

ती म्हणाली, "आय नो. यू सेड 'ही'."

तिला बोटीतच कळलं होतं. माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती रडत नव्हती, हसू दाबत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणाली. मग आम्हाला आधीच का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाली, बोट सुटली होती. आम्ही मुरानोचे, तुम्हीही मुरानोचं नाव घेत आलात, म्हणून चढवणाऱ्याला तुम्ही आमच्यातल्याच वाटलात. आणि आईला पाहुणे फार आवडायचे.

मुरानोच्या खऱ्या बोटीत बसवून द्यायला ती स्वतः धक्क्यापर्यंत आली. वाटलं, निघताना हिच्याशी चार शब्द मनापासून बोलावेत, इंग्रजीची बाई ना मी. तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि सोसायटीतल्या बारशाला, मुंजीला, लग्नाला निघताना जे तोंडात बसलंय तेच बाहेर पडलं.

"थँक्यू. व्हेरी नाइस फंक्शन."