विमानाचा पत्रा आणि एक ओंजळ

विघ्नहर्त्या गजाननाला व कुलस्वामिनीला वंदन करून, आजच्या सर्वपित्री अमावास्येच्या निमित्ताने हे लिहितो. तर्पणाच्या शेवटी मी एक ओंजळ अधिक सोडतो. ती कोणाची, असे सकाळी नातीने विचारले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि महायुद्ध चालू होते. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्यात, एक विमान कोसळले होते. समिधा आणायला गेलो असता ते काकांच्या व माझ्या दृष्टीस पडले. वडील माझ्या बालपणीच निवर्तले. काकांनीच मला वाढवले, वेदमंत्रांची संथा दिली. वैमानिक हवाई छत्रीने उतरून सुखरूप निघून गेला, असे लोक सांगत. काकांनी थाळीएवढा एक पत्रा उचलला. चांदीसारखा उजळ, पण हाताला वजनच लागेना. पुढे तीन वर्षे देवाच्या घागरीवर तोच झाकण होता.

एके सकाळी काका अंगणात ते झाकण घासत असताना डोंगरातला म्हातारा गवळी तूप घेऊन आला.

"हा पत्रा ज्या इमानाचा, त्यातला माणूस म्याच पुरला, महाराज. तोंडाकडे हात नेऊन पाणी मागे. झऱ्यावरून आणलं, तं गेलेला."

काकांचा हात थांबला. त्या दिवसापासून ते पूजेला बसले नाहीत. "तहानेने गेलेल्याच्या वस्तूने मी देवाचे पाणी झाकले," एवढेच म्हणत आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून राहत. पूजा मी करी. शेवटी म्हणाले, "माझे गुडघे डोंगर चढणार नाहीत. तू जा. त्याचे त्याला दे, आणि पाणी दे."

गवळ्यासोबत मी पुन्हा विमान पडलेल्या दरीत उतरलो. धुके होते. विमानाच्या पंखावर वेली चढल्या होत्या, साचलेल्या पाण्यात आभाळ हलत होते; जागा आहे की स्वप्न, कळेना.

"लोकं इथून पत्रे नेतात," गवळी हसला, "तुम्हीच पहिले जे आणून राह्यले!"

अंजनाच्या झाडाखाली, त्याला पुरले त्या जागी, दगड रचलेले होते. तिथे पत्रा ठेवला. झऱ्याचे पाणी आणि तीळ ओंजळीत घेतले, आणि अडखळलो. नाव नाही, गोत्र नाही. ज्याचे गोत्र अज्ञात, त्याला काश्यप म्हणावे, हे काकांनीच शिकवलेले. तसे म्हटले. पाणी दगडांत झिरपले. कुठेतरी मोर ओरडला.

घरी आलो तेव्हा काका उंबऱ्याबाहेरच होते.

"गोत्र काय सांगितलेस रे?"

"काश्यप."

आमचे गोत्रही काश्यपच.

"म्हणजे घरचाच गेला की," ते हळूच म्हणाले. "मग स्नान आले मला. पाणी काढ."

सगोत्राच्या मृत्यूची वार्ता उशिरा कळल्यावर करावे तसे त्यांनी नेसत्या वस्त्रांनिशी सचैल स्नान केले, सोवळे नेसले, आणि उंबरा ओलांडून देवांपुढे बसले.

वाचकहो, तुमच्या घरची घागर सदैव भरलेली असो, आणि तुमच्या मुलाबाळांच्या हातून कोणाही अनोळख्याला वेळेवर पाणी मिळो.