घुबड आळीची आर्जिया

लग्न होऊन आर्जिया जेनोव्याला आली, आमच्याच गल्लीत भट्टीसमोर उभी राहून चण्याच्या पिठाची फरिनाता भाजण्यात तिचं आयुष्य गेलं, नवऱ्यालाही तिने इथल्याच टेकडीवर पुरलं. तरी कुणी गाव विचारलं की ती सिएनाचं नावसुद्धा घेत नसे. ‘घुबड आळी,’ एवढंच सांगे. सिएनातल्या सतरा आळ्यांपैकी ती तिची. आमच्याकडे घुबड अशुभ, त्याचं नाव निघालं की अपशकुन टळावा म्हणून माणसं लोखंडाला, निदान खिशातल्या किल्लीला हात लावतात. औषधांच्या दुकानातल्या बाईने तर एकदा तिच्या गळ्यातला घुबडाचा रुमाल पाहून तिच्यादेखत कपाटाची लोखंडी कड पकडली होती.

“घट्ट धरा, बाई,” आर्जिया म्हणाली. “तुमच्या गोळ्यांपेक्षा त्याचाच गुण येईल.”

मी तिच्या समोरच्या दारात राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाची झडप निकामी होत चालल्याचं कळलं. शस्त्रक्रिया सोसायची नाही, ऊन, गर्दी आणि चढउतार टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं. तिचा मुलगा फुल्वियो बंदरावर क्रेन चालवतो. त्याने जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची आणून ठेवली. वर येताना ती प्रत्येक खुर्चीवर बसे. येणाऱ्याजाणाऱ्याने चौकशी केली तर म्हणे, “वाट बघतेय.” कुणाची, ते सांगत नसे.

जुलैत समुद्रावरून माकाया आली. वारा पडतो, ऊन दिसत नाही, ओलं राखाडी आभाळ छपरांवर टेकून राहतं आणि दोरीवरचे कपडे आंबतात. त्याच दिवसांत सिएनाहून तिच्या मावसभावाचा, इवोचा फोन आला. सिएनाच्या आळ्यांमध्ये ऑगस्टात होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतीसाठी चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि घोडा पळवण्याचा मान यंदा घुबडालाही मिळाला होता.

आर्जियाने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की ती तीन रात्रींसाठी सिएनाला जाणार. शर्यतीच्या आदल्या रात्री आळीत मांडलेल्या लांब टेबलावर बसून जेवणार आणि दुसऱ्या दिवशी घोडा पळताना बघणार. फुल्वियोने साफ नकार दिला. दारापलीकडून मला त्याचा आवाज कित्येक दिवस ऐकू येत होता. तिचा येत नव्हता. ती भांडलीच नाही. तिने वस्तू वाटायला सुरुवात केली.

माझ्या वाट्याला फरिनाताची तांब्याची परात आली, दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी जड. आल्यावर तुम्हालाच लागेल, असं मी म्हटलं. “असू दे तुझ्याकडे,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. मग तिने घरातले पडदे काढून धुतले, घड्या घालून ठेवले आणि परत लावलेच नाहीत. रविवारी फुल्वियो जेवायला आला तेव्हा खिडक्या उघड्याबोडक्या होत्या. त्याने एकेका खिडकीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली.

एकदा ठरल्यावर त्याने कशातही कसर ठेवली नाही. दुपारची गाडी नको म्हणून सकाळची घेतली. चाकांची खुर्ची मिळवली. दवाखान्यात किती वेळात पोचता येईल ते विचारून ठेवलं. एका संध्याकाळी तो खोलीचे फोटो दाखवायला आला. मी आर्जियाबरोबर शेंगा निवडत बसले होते. खोली तळमजल्यावर होती. जाड दगडी भिंती, एकही पायरी नाही, भर दुपारी गारवा. आर्जियाने पत्ता विचारला. त्याने वाचला. तिची बोटं शेंगांत थांबली.

“परत वाच.”

त्याने परत वाचला. “तुझ्या आळीपासून दोन मिनिटं, आई. हाक मारली तर ऐकू जाईल.”

“हाक ऐकू जाते म्हणून तर वैर आहे,” ती म्हणाली.

पत्ता एकशिंगी घोड्याच्या आळीतला होता. ही आळी घुबडाच्या शेजारची आणि म्हणूनच हाडवैरी. वर्षभर एकमेकांच्या लग्नांना, मयतांना जाणारी ही माणसं शर्यतीच्या दिवसांत एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आर्जियाची आत्या त्या आळीत दिलेली होती. दर उन्हाळ्यात ती नवऱ्याला तिथेच सोडून उशी काखोटीला मारून माहेरी झोपायला यायची. कुठल्या दगडापासून कुणाची हद्द सुरू होते ते तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फुल्वियोला नव्हतं. नामकरण घुबड आळीच्या कारंज्यावर झालं तरी तो वाढला जेनोव्यात, आणि त्याच्या लेखी दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

त्याने तिथेच बसून फोन लावले. ऑगस्टात सिएनात कोपरा मोकळा नव्हता. घुबड आळीत एक खोली निघाली, ती चौथ्या मजल्यावर.

“चढशील?” त्याने विचारलं. “नाही ना? मग हीच खोली. नाहीतर राहू दे सगळं, घरीच बस.”

ती राहू दे म्हणेल असं मला वाटलं, आणि तसं तिने म्हणावं असंही वाटलं. खिडकीतून येणाऱ्या त्या राखाडी उजेडात तिचे ओठ निळसर दिसत होते. तिने एक शेंग मोडली, मग दुसरी.

“घे तीच,” ती म्हणाली.

तिने आदळआपट केली असती तर मला इतकी भीती वाटली नसती. फुल्वियो मात्र खूश झाला. आई शहाणी झाली, म्हणाला. त्यांच्या घरात घुबड शिरलेलं पाहून एकशिंगी आळीची दातखीळच बसेल. तीही हसली. मग तिने भिंतीवरचा फोन मागितला आणि इवोचा नंबर लावायला सांगितलं.

“इवो, आळीच्या बागेतली माती आण, डबाभर. आम्ही पोचायच्या आधी त्या खोलीत पलंगाखाली ठेव. घरमालकिणीला कळू देऊ नकोस.”

सिएनात कुणी बाई आळीबाहेरच्या दवाखान्यात बाळंत होणार असली की तिच्या पलंगाखाली आळीची माती नेऊन ठेवतात. मूल कुठेही जन्मलं तरी आपल्याच जमिनीवर जन्मलं पाहिजे. फुल्वियोच्या वेळी इवोच बिस्किटांच्या डब्यात माती घेऊन आगगाडीने जेनोव्याला आला होता. त्यामुळे आता तो पलीकडून इतका मोठ्याने हसला की आम्हालाही ऐकू आलं. कोण बाळंत होतंय, असं तो विचारत होता.

“कुणी नाही,” आर्जिया म्हणाली. “नीट पसरून ठेव. उशाखालीसुद्धा यायला हवी.”

पलीकडचं हसू थांबलं. फुल्वियो उभा राहिला. त्याच्या हातातल्या मोबाईलवर खोलीचा फोटो अजून तसाच होता, खाली ‘रद्द करा’ असं बटण होतं, आणि त्याचा अंगठा त्याच्या अगदी जवळ होता. तो आईकडे बघत राहिला. तिने नजर वळवली नाही.

मग त्याने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि तिच्या हातातून फोन घेतला.

“इवोमामा,” तो म्हणाला. “डबाभर पुरणार नाही. जास्त आण. ती झोपेत कूस बदलते.”