मावशीच्या नावावरची शुगर

यमुनामावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी बुलढाण्यात, तिला ठेवलेल्या दवाखान्याखालीच, चहाच्या गाडीपाशी उभी होते. वर तिला दोन घोट चहा चालेल का, या विचारात... आणि वरून नर्सचा फोन. एवढी जवळ असून फोनवर कळावं! कप तसाच ठेवून जिना चढले. आता महिना उलटला, पण तो जिना काही संपत नाही.

मावशी उंद्रीला एकटी राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शुगर असूनही घरामागच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांत दिवसभर वाकलेली. बुलढाण्याला माझ्याकडे ये म्हटलं की, "तुह्या दोन खोल्यांत मी काय करू वं? भिंतीशी बोलू?" म्हणून मलाच गप्प करायची. म्हणून एका संस्थेकडून तिला ते मशीन मिळालं तेव्हा मीच जास्त खूश झाले. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर लावायचा, की आकडा थेट संस्थेच्या डॉक्टरीणबाईंकडे आणि माझ्याही फोनवर. पट्ट्या मोजक्याच मिळायच्या. शाळेत शिकवायला निघताना आकडा दिसला, की मी दिवसभर निर्धास्त असायचे.

आकडा वाढला की डॉक्टरीणबाई मावशीला फोन करायच्या. एकदा मी तिथंच होते. "काकू, काय खाल्लं काल?" मावशी अगदी अपराध्यासारखी म्हणाली, "भात खाल्ला बाई. अन् लग्नात जिलेबीबी खाल्ली." मी थक्क! ती भाताला शिवत नव्हती आणि त्या आठवड्यात कुठल्या लग्नालाही गेली नव्हती. "खोटं काऊन बोलतेस?" म्हटलं तर, "थांब ना वं, इचारू दे," म्हणत तिनं मला हातानं अडवलं आणि गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, तेही विचारून घेतलं. मला वाटलं, कोणीतरी आपुलकीनं रागावतंय, म्हणून बोलणं लांबवतेय बिचारी. फोन ठेवून ती तडक शेजारच्या गोदाकाकूकडे गेली. मी चहा टाकला.

या हिवाळ्यात कापलेल्या तुरीचं टोकदार धसकट तिच्या टाचेत रुतलं. हळद भरून फडकं गुंडाळलं आणि कुणाला बोलली नाही. माझ्या फोनवर तेव्हा आकडे काय सुरेख येत होते! मी गेले तोवर टाच काळी पडली होती; तशीच तिला बुलढाण्याला आणलं. दवाखान्यातले डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "इतके दिवस शुगर बघितलीच नाही का?" मी तावातावानं फोन पुढं केला, "बघत होती ती, हे पाहा ना!" त्यांनी आकडे पाहिले, मावशीचा पाय पाहिला आणि फोन मला परत दिला. पाय कापायचं ठरलं, पण विष अंगभर गेलं होतं. ग्लानीत मावशी एवढंच म्हणाली, "गोदीले सांग, भात नोको खाऊ म्हना..." म्हटलं, तापात बरळतेय.

तेरवी आटोपून मी शाळेत रुजू झाले आणि एका सकाळी फोनवर आकडा आला. यमुनाबाई, आजची शुगर. असा संताप आला की शाळेत रजा सांगून सरळ उंद्रीची एसटी धरली.

मशीन गोदाकाकूच्या ओसरीत होतं. हात धुऊन बसलेल्या बायकांमध्ये एकीचं बोट टोचणं चालू होतं.

"लाज नाही वाटत?" मी ओरडलेच. "मेलेल्या बाईच्या नावावर?"

गोदाकाकू रडायलाच लागली. "तिनंच शिकोलं वं आमाले. दारात आलेलीले नाई कसं म्हनू, म्हने. डॉक्टरीन तिले रागवे, अन् मंग थे येऊन आमाले रागवे."

म्हणजे ती जिलेबी, तो भात, त्या गोळ्या... सगळं यांचं. मी तिथंच पायरीवर बसले.

"मग यातले तिचे आकडे कोणते, काकू?"

गोदाकाकूनं पदरानं डोळे पुसले.

"तिची शुगर कुठं पाहे वं थे? माह्यं मले मालूम हाय म्हने, पट्टी काऊन वाया घालू."